मुलांनी लिहिलेले वाचणार कोण?

मा. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि शाळेतील संगणक विभाग सांभाळणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक वर्षाची खरेदी ठरवायला आपण बसता, तेव्हा समोर साधारण तीच कागदपत्रे असतात. डिजिटल फळ्यांची दरपत्रके, टॅबचा प्रस्ताव, एखाद्या शैक्षणिक ॲपचे वार्षिक शुल्क आणि सोबत रंगीत आलेखांची माहितीपुस्तिका. चर्चा रंगते ती पडद्याच्या आकारावर, हमीच्या मुदतीवर, कोणत्या वर्गाला आधी द्यायचे यावर. मी भाषा शिकवते आणि माझ्या वर्गातली मुले गेली काही वर्षे ब्लॉगवर लिहीत आहेत. त्या अनुभवावरून आपल्याला एक विनंती करायची आहे. सही करण्याआधी बैठकीत हा प्रश्न विचारा: आपल्या शाळेतले मूल या वर्षात जे लिहील, ते शिक्षकाखेरीज आणखी कोण वाचणार आहे?

बहुतेक शाळांत याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असेच आहे. मूल निबंध लिहिते, वही गठ्ठ्यात जाते, शिक्षक लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून खाली शेरा आणि तारीख टाकतात. वही परत आली की मूल गुण पाहते आणि पान उलटते. पावसाळ्यातल्या दिवसावरचा निबंध वाचून शिक्षकांना पावसाबद्दल नवे काही कळणार नाही, हे मुलाला पक्के ठाऊक असते. म्हणून ते शिक्षकांना अपेक्षित असलेला पाऊस लिहिते, तोच गेल्या वर्षीचा, त्याच विशेषणांचा. ज्याला सगळे आधीच माहीत आहे अशा एकाच माणसासाठी मूल दहा-बारा वर्षे लिहीत राहते, आणि मग त्याला लिहिता येत नाही म्हणून आपण हळहळतो.

खरा वाचक मिळाला की काय होते, ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मैदानातल्या खांबाच्या सावलीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. सकाळी सावली लांब असते, दुपारी आखूड होते, संध्याकाळी पुन्हा लांबते. बस, एवढेच. त्या ओळी वर्गाच्या ब्लॉगवर गेल्या. दुसऱ्या गावातल्या शाळेतल्या, त्याने कधी न पाहिलेल्या मुलीने खाली लिहिले, “दुपारी म्हणजे किती वाजता? सगळ्यात आखूड कधी होती?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तो मोजपट्टी आणि वही घेऊन मैदानात उभा होता. दर काही मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण, शेजारी वेळ. सावली बाराच्या ठोक्याला सर्वांत आखूड होत नाही असे त्याच्या लक्षात आले, तेव्हा तो धावत येऊन विचारू लागला, “बाई, शाळेचे घड्याळ चुकले आहे का?”

घड्याळ बरोबरच होते. घड्याळातली वेळ एका ठरावीक रेखावृत्ताची असते आणि तीच आपण मोठ्या प्रदेशाला लावतो. आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला असेल तर सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेला असेल तर नंतर. शिवाय पृथ्वीचा अक्ष कललेला आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे वर्षभरात आणखी काही मिनिटांचा फरक पडत राहतो. हे सगळे भूगोलाच्या पुस्तकात असते आणि त्याने ते पाठही केले असावे. पण त्या दिवशी त्याला ते हवे होते, कारण दुसऱ्या टोकाला कोणीतरी उत्तराची वाट पाहत होते. चार ओळींचे एक पान झाले. त्यात तक्ता आला, आकृती आली, ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ हे शब्द आले. त्या मुलाच्या लिखाणात ‘तरीही’ मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे दोन्ही वर्गांनी मिळून एक काम केले, त्याचाही उल्लेख करते, कारण तंत्रज्ञान खरोखर कुठे लागते ते त्यातून दिसते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ मोजला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी इजिप्तमधल्या सायीनी या गावात सूर्य थेट माथ्यावर येई, त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र काठीची सावली पडे. तिथे काठी आणि सूर्यकिरण यांमधला कोन वर्तुळाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका होता, म्हणून दोन गावांमधले अंतर पन्नासपट केले की परीघ मिळतो. एका शाळेला हा प्रयोग एकटीने करता येत नाही. दोन ठिकाणे लागतात, शक्यतो उत्तर-दक्षिण दूर असलेली, आणि दोन्हीकडे एकाच दिवशी सर्वांत आखूड सावली मोजणारी माणसे लागतात. काठीची उंची आणि सावलीची लांबी यांवरून कोन निघतो. दोन शाळांमधले उत्तर-दक्षिण अंतर तीनशे किलोमीटर असेल, तर कोनांत सुमारे २.७ अंशांचा फरक मिळायला हवा, कारण एका अंशाला साधारण १११ किलोमीटर पडतात. त्यावरून ४०,००० किलोमीटरच्या आसपासचा परीघ मुलांच्या हाती येतो. उत्तर हजार-दोन हजार किलोमीटरने चुकते, आणि ते का चुकले यावर दोन्ही वर्गांत जो वाद होतो तो कोणत्याही ॲपमध्ये विकत मिळत नाही. काठी तिरकी होती का? मैदानाला उतार होता का? त्यांनी सावलीचे टोक नेमके कुठे धरले? हे सगळे लिहून विचारावे लागते, आणि समोरच्याला समजेल असे लिहावे लागते.

ही कल्पना नवी नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नव्या गोष्टींच्या मागे लागल्याचा आरोप आम्हा ब्लॉगवाल्या शिक्षकांवर होतो. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात तासन्‌तास बोलणे त्याला झेपत नव्हते. बार-सुर-लू या डोंगरातल्या गावी शिकवत असताना १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले गावात फिरून येत, पाहिलेले लिहीत, कोणता मजकूर छापायचा ते एकत्र ठरवत आणि अक्षरांचा एकेक खिळा जुळवून तो छापत. छापलेली पाने फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या समुद्राकाठच्या एका शाळेला जात आणि तिथली पाने इकडे येत. एकेक अक्षर हाताने उचलून लावणाऱ्या मुलाला शुद्धलेखनाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चूक झाली तर ती दूरच्या मित्रांपुढे जाणार असते. पुढे दुसऱ्या गावी त्याच्या पद्धतीला इतका विरोध झाला की सरकारी नोकरी सोडून १९३५ मध्ये त्याने स्वतःची शाळा काढली. त्याची पद्धत आजही अनेक देशांतले शिक्षक वापरतात.

फ्रेनेला खिळे, शाई, यंत्र आणि टपालखर्च यांची जुळवाजुळव करावी लागली. १९९९ मध्ये ब्लॉगर आले, २००३ मध्ये वर्डप्रेस आले, ही दोन्ही ब्लॉग चालवण्याची साधने, आणि तेच काम एका संगणकावर जवळजवळ फुकट होऊ लागले. इतके सोपे झाल्यावर प्रत्येक शाळेत हे व्हायला हवे होते. झाले मात्र भलतेच.

शाळेत आलेल्या बहुतेक यंत्रांचा उपयोग आपण मुलांना दाखवण्यासाठी केला. १९१३ मध्ये एडिसनने सांगितले होते की शाळांमधून पुस्तके लवकरच बाद होतील, चित्रपट सगळे शिकवील आणि दहा वर्षांत शाळांचा पुरता कायापालट होईल. नंतर रेडिओ आला, दूरदर्शन आले, १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे शिकवणारे यंत्र आले. प्रत्येक वेळी भाषा तीच होती. आता मूल आपल्या गतीने शिकेल, शिक्षकाचे ओझे उतरेल. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या प्लेटो या संगणकप्रणालीची गोष्ट मला यातली सर्वांत बोलकी वाटते. ती बांधली होती धडे देण्यासाठी. १९७३ मध्ये तिच्यात वापरणाऱ्यांना अडचणी नोंदवता याव्यात म्हणून एक सोय झाली, आणि बघता बघता लोक तिथे सगळ्या विषयांवर एकमेकांना लिहू लागले, उत्तरे देऊ लागले. धड्यांसाठी आणलेल्या यंत्रावर माणसे आपणहून पत्रे लिहू लागली. यंत्र कशासाठी वापरावे याचे उत्तर वापरणाऱ्यांनीच पन्नास वर्षांपूर्वी दिले होते.

नुसती यंत्रे वाटून काय होते तेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. सुमारे सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. काही सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवायचे कारण नाही. २०१५ मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अनेक देशांची आकडेवारी तपासून म्हटले की शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञान यांत लक्षणीय सुधारणा दिसत नाही. रिचर्ड क्लार्क हे संशोधक १९८३ मध्येच सांगून गेले होते की धान्य आणणारी गाडी बदलल्याने घरातले पोषण बदलत नाही, तसेच माध्यम बदलल्याने शिकणे बदलत नाही. क्लार्क यांचे मत मला थोडे एकांगी वाटते. कारण काही माध्यमांमुळे असे काम शक्य होते जे एरवी झालेच नसते, आणि दोन गावांच्या सावल्या एकाच दिवशी ताडून पाहणे हे त्यातलेच. पण डिजिटल फळ्यावर पुस्तकाचेच पान मोठे करून दाखवायचे असेल, तर क्लार्क यांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते.

आता एक कडू गोष्ट. अनेक शाळांना वाटते की आमचा ब्लॉग आहे. उघडून पाहिले की त्यावर पाहुण्यांचे स्वागत असते, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात, शंभर टक्के निकालाचे अभिनंदन असते. लिहिणारे मोठे, वाचणारे पालक, आणि मूल फक्त छायाचित्रात, रांगेत उभे. मला माहीत असलेल्या एका शाळेत मुलांचे लेख प्रसिद्ध होण्याआधी ‘शाळेची प्रतिमा’ तपासली जाई. पाण्याची टाकी आठवडाभर रिकामी होती असे एका मुलीने लिहिले, तो लेख गेला नाही. तिने नंतर लिहिलेला लेख निसर्गाच्या सौंदर्यावर होता. गुळगुळीत, निर्दोष, तिचा नसलेला. आपण मुलांना लिहायला शिकवतो आणि नेमके लिहिण्याच्या क्षणी त्यांना गप्प करतो, याचा मला मनापासून राग येतो. वर्गाचा ब्लॉग जाहिरातीचा फलक होणार असेल तर तो सुरूच करू नये.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाची छायाचित्रे काढून ब्लॉगवर त्याबद्दल लिहायला सुरुवात केली. वडिलांच्या मदतीने चाललेला तो लेखनाचा उपक्रम होता. जगभरातून वाचक आले, इतर देशांतली मुले आपापल्या जेवणाची छायाचित्रे पाठवू लागली. स्थानिक परिषदेने शाळेत छायाचित्रे काढायला बंदी घातली. लोकांनी इतका निषेध केला की लगेच ती मागे घ्यावी लागली. त्या ब्लॉगच्या वाचकांनी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मुलांच्या शालेय भोजनासाठी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. ही घटना मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. मुलाचे लिहिणे खरोखर वाचले गेले तर कधी ना कधी मोठ्यांना अवघड वाटणारे काही त्यात येणार, त्याची तयारी समितीने आधीच ठेवावी, एवढ्यासाठी सांगते. टाकी रिकामी असेल तर ती भरावी.

सुरक्षिततेचा प्रश्न आपण विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तेराव्या कलमाने मुलाला अभिव्यक्तीचा हक्क दिला आहे आणि सोळाव्या कलमाने खासगीपणाचा. एकासाठी दुसरा सोडावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. माझ्या वर्गात मुले टोपणनावाने लिहितात आणि टोपणनाव निवडण्यात एक अख्खा तास आनंदाने जातो. चेहरा दिसेल असे छायाचित्र नाही, गणवेश किंवा शाळेची पाटी दिसेल असेही नाही. फोनने काढलेल्या छायाचित्रात पुष्कळदा जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. ते काढून टाकल्याशिवाय चित्र चढवायचे नाही, ही गोष्ट मुलांनाच शिकवली आणि आता ती घरच्यांना शिकवतात. प्रत्येक प्रतिक्रिया आधी शिक्षक पाहतात, मग ती दिसते. पालकांची संमती लेखी घेतली जाते, आणि त्यासोबत मुलाचीही. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणाले तर नको. पहिले काही महिने ब्लॉग फक्त दोन वर्गांपुरता बंद ठेवायचा, पासवर्ड लावून. जगाला दाखवायची घाई नाही. खरा वाचक म्हणजे हजारो वाचक नव्हेत. दुसऱ्या शाळेतली एक चौकस मुलगी पुरते.

वेळेचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे आणि तो सोडवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. वर्गात पन्नास-साठ मुले असताना शिक्षकाने वह्याही तपासायच्या, चाचण्याही घ्यायच्या, माहितीचे तक्तेही भरायचे, आणि वर ब्लॉग! हे होणार नाही. सुरुवातीला उत्साहात होईल, दोन महिन्यांत बंद पडेल. अशा बंद पडलेल्या ब्लॉगांनी इंटरनेट भरलेले आहे. शेवटची नोंद जुलैमधली, त्यानंतर काही नाही. म्हणून माझी मागणी यंत्रांची नाही, तासांची आहे. आठवड्यातून दोन जोडतास लेखनासाठी वेळापत्रकात छापून द्या आणि त्या बदल्यात भाषेच्या वह्यांची एक तपासणी कमी करा. दर आठवड्याला सगळ्यांनी प्रसिद्ध करायचे नसते. आठ-दहा मुलांची पाळी असते, बाकीची मसुदे वाचतात, शंका विचारतात, टंकन करतात. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या लेखनाच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांनी मिळून नियोजन करणे, मसुदा करणे आणि सुधारणे याचा परिणाम त्यात ठळक चांगला दिसला, संगणकावर लिहिण्याचाही चांगला दिसला. निव्वळ व्याकरणाचे नियम सुटे शिकवण्याचा परिणाम उलटा दिसला. आम्हा भाषाशिक्षकांना हे पचायला जड जाते, पण वर्गात डोळे उघडे ठेवले तर ते रोज दिसते.

प्रतिक्रिया लिहिणे हेही शिकवावे लागते. ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप आवडले’ या प्रतिक्रिया आमच्या वर्गात चालत नाहीत. लेखातली एक ओळ उचलून तिच्याबद्दल बोलायचे, किंवा खरोखर पडलेला एक प्रश्न विचारायचा. मुलांना सुरुवातीला हे फार कठीण जाते, कारण प्रश्न विचारायला आधी लेख वाचावा लागतो. माझ्या मते वाचन आकलनाची याहून चांगली परीक्षा नाही.

यंत्रे किती लागतात? वर्गाला एक संगणक आणि एक फोन यावर हे सगळे चालते. पहिला मसुदा कागदावरच होतो आणि तो कागदावरच व्हावा असे माझे मत आहे. २०१४ मध्ये मुलर आणि ओपनहाइमर या संशोधकांच्या प्रयोगात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात असे दिसले. नंतरच्या प्रयोगांत हा फरक तितका ठळक राहिला नाही, म्हणून त्यावर फार भार देत नाही. मला कागद आवडतो तो वेगळ्या कारणाने. कागदावरची खाडाखोड दिसत राहते, आणि कोणता शब्द का खोडला यावर बोलता येते. ज्या घरी संगणक नाही, फोन एकच आणि तोही कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसाकडे, त्या मुलाचे काय, हा प्रश्न गंभीर आहे. त्यावर आमचा नियम कडक आहे. ब्लॉगचे कोणतेही काम गृहपाठ म्हणून दिले जात नाही. जे होईल ते शाळेत, शाळेच्या वेळेत, शाळेच्या यंत्रावर.

तंत्रज्ञानाने दिलेल्या एका छोट्या सोयीवर मी इतरांपेक्षा जास्त वेळ घालवते. ब्लॉगवर चित्र चढवताना एक रिकामी चौकट येते, चित्राचे शब्दांत वर्णन लिहिण्यासाठी. ज्याला दिसत नाही त्याच्या संगणकावरचे वाचक-सॉफ्टवेअर हे वर्णन मोठ्याने वाचून दाखवते. बहुतेक लोक ती चौकट रिकामी सोडतात. आमच्याकडे ती भरल्याशिवाय चित्र जात नाही. एनव्हीडीए हे असेच वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घालून मुलांनी डोळे मिटून आपलेच पान ऐकले. ‘सुंदर फूल’ असे ऐकू आल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आले की यातून काहीच कळत नाही. मग लिहिणे सुरू झाले: पाकळ्या किती, देठ कुठे वाकला आहे, कडा कशा सुकल्या आहेत. वर्णनात्मक लेखनाचा इतका चांगला पाठ मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही. वर्गात बोलताना अडखळणारी, हात वर न करणारी मुलेही ब्लॉगवर भरभरून लिहितात, हे तर मला कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीत विचारले जाते, मुले यंत्राकडून लिहून घेतील त्याचे काय? युनेस्कोने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशी साधने वर्गात वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे, ती पाळावी. पण त्याआधी हे पाहावे की यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह कोणत्या लेखनात होतो. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ हा निबंध यंत्र उत्तम लिहिते, कारण तो कोणीही, कोणासाठीही लिहिलेला नसतो. आज सकाळी आपल्या मैदानातल्या खांबाची सावली किती होती, हे यंत्राला माहीत नाही. ते मोजायला उन्हात जावे लागते. आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर खाली प्रश्न आला की उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे असते. यंत्राचा सुळसुळाट झाला म्हणून वर्गातले लेखन पुन्हा परीक्षेच्या बंद खोलीत नेऊ नका. विषय बदला, वाचक द्या.

लेखांच्या जपणुकीबद्दल थोडक्यात. सेवा बंद पडतात. जिओसिटीज या मोफत संकेतस्थळे देणाऱ्या सेवेवरची लाखो पाने २००९ मध्ये गेली, एडमोडो ही शाळांत गाजलेली सेवा २०२२ मध्ये बंद झाली. म्हणून ब्लॉग कुठेही करा, पण सर्व मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो का ते आधी पाहा आणि दर सहामाहीला तो उतरवून घ्या. लेख मुलाच्या मालकीचे आहेत, शाळेच्या नव्हेत. शाळा सोडताना दाखल्यासोबत त्याचे लेख त्याला मिळावेत. त्याने काढून टाका म्हटले तर ते कारण न विचारता काढावेत.

आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. येत्या वेळापत्रकात निदान एका वर्गाला लेखनाचे दोन जोडतास मिळावेत. या वर्षीच्या यंत्रखरेदीतला काही भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळवावा, आणि ते प्रशिक्षण कळ कुठे दाबायची याचे नसून मुलांच्या मसुद्यावर कसे बोलायचे याचे असावे. तिसरी गोष्ट फुकट आहे. जोडीला दुसऱ्या गावची, शक्यतो वेगळ्या परिस्थितीतली एक शाळा शोधून द्या. मुख्याध्यापकांनी मुख्याध्यापकांना लिहिलेल्या एका पत्राने हे काम होते. आम्ही शिक्षक तेच पत्र लिहितो तेव्हा ते महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते.

जोडीची शाळा मिळेपर्यंत मुलांना वाचक लागतील. समितीतल्या प्रत्येक सदस्याने आठवड्याला एका मुलाचा लेख वाचून त्याखाली एक प्रश्न विचारावा, असे मी सुचवते. कौतुक नको, उपदेश नको, शुद्धलेखनाची दुरुस्ती तर अजिबात नको. लेख वाचून आपल्याला जे कळले नाही, ते विचारा. पहिली यादी आणि पासवर्ड मी पुढच्या सोमवारी कार्यालयात देऊन ठेवते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक भाषाशिक्षिका